दुसरा रिमोट

आमचं दुकान मिक्सर, फ्रिज, गिझर आणि घरघंटीचं. थोरले बंधू गल्ल्यावर बसतात आणि मी गिऱ्हाइकांना माहिती देतो. माहिती देणं हा माझा गुण आहे असं माझं मत आहे. माझी माहिती सुरू झाली की गिऱ्हाइकाला एकाएकी चहा प्यावासा वाटतो, ती गोष्ट वेगळी.

एका गणपतीत मी हट्टच धरला. दाराजवळच्या कोपऱ्यातल्या घरघंट्या हलवायच्या आणि तिथं व्हिडिओ गेमचे कन्सोल ठेवायचे.

दादा म्हणाले, "घरघंटीतनं पीठ तरी पडतंय. ह्यातनं काय पडणार?"

"आनंद," मी म्हणालो.

"बरं. दिवाळी पाडव्यापातूर बघू तुझा आनंद. न्हाय खपला, तर घरघंट्या जाग्यावर. आणि पुन्हा दुकानात काय ठेवायचं, ते तू सांगायचं न्हाईस."

पन्नाशी जवळ आली तरी या दुकानात माझ्या शब्दानं साधा पंखासुद्धा आला नव्हता. त्यामुळं हा कोपरा म्हणजे माझी सगळी अब्रू होती.

कन्सोल कशामुळं खपतो याचा मी अभ्यास केला. महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि निष्कर्ष काढला, की ताकदीमुळं. कोल्हापूरच्या माणसाला हे पटायला जड नाही. खुराक दांडगा, अंग दांडगं, म्हणजे कुस्ती मारणारच. म्हणून बाजारातलं सगळ्यात ताकदवान मशीन मागवलं. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्यावरचं प्लॅस्टिक तसंच ठेवून ते काचेत मांडलं आणि कोपऱ्यातल्या टीव्हीला जोडलं. सोबत एकच गेम होता. त्यात एक योद्धा बर्फातनं एकटाच चालत असायचा.

गारगोटीहून एक कुटुंब मिक्सर घ्यायला आलं, तेव्हा मी त्यांना टीव्हीसमोर उभं केलं.

"पावणं, ह्या योद्ध्याच्या दाढीतला एकेक केस मोजून घ्या."

पाहुण्यांच्या आईनं बराच वेळ बघितलं. "एकटाच फिरतोय व्हय? घरचं कुणी न्हाई त्याला?"

पाहुण्यांनी विचारलं, "फुटबॉल हाय का ह्यात?"

"अजून यायचाय."

"मग तो आला की आम्ही बी येतो," म्हणाले आणि मिक्सर घेऊन गेले.

दसरा गेला. योद्धा चालतच होता. दादा गल्ल्यावरनं रोज विचारायचे, "कुठपातूर आला?"

डिस्ट्रिब्युटरनं त्या मशीनबरोबर एक जुनं मॉडेलही माझ्या गळ्यात मारलं होतं. ताकदीनं बेताचं, पण सोबत फुटबॉलचा गेम आणि दोन रिमोट. त्याला कंट्रोलर म्हणतात हे मी सगळ्यांना सांगून दमलो, शेवटी मीही रिमोटच म्हणू लागलो. त्या अशक्त पोराला मी गिझरच्या मागं ठेवलं होतं. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी ताकदवान मशीन स्वतःला अपडेट करत बसलं, ते उठेना. टीव्ही रिकामा दिसू नये म्हणून मी जुनं जोडलं.

त्या गेममध्ये संघाचं नाव आणि जर्सीचे रंग बदलता यायचे. मी सहज आमच्या पेठेच्या तालमीचे रंग भरले. आमच्याकडं फुटबॉल खेळतात ते पेठांच्या तालमी, आणि दोन पेठांची मॅच असली की सोयरीकसुद्धा उद्यावर ढकलतात. दादा गल्ला सोडून उठले. दिवाळीच्या गिऱ्हाइकीत दादा उठले, हे बघून समोरचे डेअरीवालेही रस्ता ओलांडून आले. ते पलीकडच्या पेठेतले.

"आमचा रंग कुठाय?" त्यांनी विचारलं. "समोर कुणी नसताना गोल मारायला काय लागतंय?"

मी त्यांचे रंग भरले, एक रिमोट त्यांच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः घेणार, तेवढ्यात दादांनी तो काढून घेतला.

दादा हरले. बटणं सगळी एकदम दाबत होते, तरी हरले.

"दादा, तुमचा गोलकीपर गल्ल्यावर बसल्यागत बसलाय," डेअरीवाले म्हणाले. फुटपाथवर जमलेली माणसं हसली.

"पुन्हा लाव," दादा मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डेअरीवाले कन्सोल विकत घ्यायला आले. "तुम्ही दिवसभर सराव करणार, आणि आम्ही नुसतं दूधच घालायचं व्हय?"

मी माझ्या गुणाला जागलो. "थोडं वाढवून हे नवीन न्या. ताकद बघा ह्याची."

"दादाकडं कुठलं हाय?"

"जुनं."

"मग तेच द्या. हे लय भारी असंल, पण खेळू कुणासंगं?"

त्यांचं बघून त्यांच्या पुतण्यानं तेच नेलं. मग त्यांच्या पेठेतल्या आणखी घरांत ते गेलं, आणि आमची पेठ मागं राहणं शक्यच नव्हतं. जो येईल तो म्हणे, "तसलंच द्या, आणि रिमोट दोन." डिस्ट्रिब्युटरला मी जुना माल आणखी मागितला, तेव्हा त्यानं दोनदा विचारलं, नक्की जुनाच ना.

पाडव्याला पूजा झाल्यावर मी दादांसमोर उभा राहिलो.

"कोपरा ऱ्हायला की न्हाई?"

"ऱ्हायला," दादा म्हणाले. नजर मॅचवर होती.

"म्हणजे आता दुकानात काय ठेवायचं, ते मी सांगणार."

"सांग की."

"ते नवीन मशीन आणखी दोन मागवू."

"ते सोडून सांग."

मी दुसरं काही सांगणार, तेवढ्यात दादांनी घरघंट्यांचा विषय काढला. त्यांना कुठंतरी जागा हवीच होती, आणि दुकानात हलवण्यासारखं माझं टेबल आणि खुर्ची एवढंच होतं. तेव्हापासून मी माहिती उभ्यानं देतो. गिऱ्हाईक आता चहाला जात नाही, थांबतं. फक्त मधूनमधून म्हणतं, "पावणं, जरा बाजूला सरा, मॅच दिसंना झालीय."