न दुखणारी दाढ

खोटं बोलण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, अशी माझी वीस वर्षं समजूत होती. केंद्रावर माझं नाव ‘वकील’ पडलं ते उगाच नाही. उशीर झाला की कारण तयार, सुट्टी हवी की कारण तयार, चौथ्या मजल्यावरून स्ट्रेचर उतरवायची वेळ आली की कमरेत उसण तयार.

मी अँब्युलन्सवर काम करतो. डॉक्टर नव्हे आणि ड्रायव्हरही नव्हे, मागे पेशंटजवळ बसतो तो. रक्त थांबवायचं, श्वास चालू ठेवायचा, मोडलेल्या हाताला फळी बांधायची आणि नातेवाइकांना "काही होणार नाही" असं सांगत सगळ्यांना हॉस्पिटलपर्यंत न्यायचं. एका गाडीवर असा एकच माणूस असतो, त्यामुळे तो आला नाही की दुसऱ्या कुणाला तरी सुट्टी सोडून यावंच लागतं. माझ्याऐवजी बहुतेक वेळा छत्री यायचा.

छत्री म्हणजे आमच्याच केंद्रावरचा, माझ्यासारखंच काम करणारा एक आडव्या बांध्याचा माणूस. रस्त्यावर अपघात झाला की जखमी माणूस बऱ्याचदा उन्हात पडलेला असतो. हा त्याच्याजवळ गुडघे टेकायचा ते सूर्य बघून. आधी त्या माणसाच्या तोंडावर स्वतःची सावली पाडायची, मग बाकीचं. म्हणून छत्री. आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी शिकवतात की रस्त्यावर बसताना तोंड येणाऱ्या गाड्यांकडे हवं, पाठ नको. मी बाकी सगळे नियम मोडले असतील, पण हा एकदाही नाही. जीव प्यारा आहे मला. छत्रीला ड्रायव्हर दर वेळी ओरडायचा, "अरे, पाठ कुठे आहे बघ." हा शांतपणे म्हणायचा, "डोळ्यांवर ऊन आलं की माणूस जास्त घाबरतो."

त्याचं दुसरं दैवत म्हणजे डबा. चार कप्प्यांचा, बादलीएवढा. अकराच्या ठोक्याला तो उघडायचा, आणि नेमका तेव्हाच फोन आला तर "हा पेशंट माझ्या वाईटावर आहे" असं म्हणत झाकण लावून गाडीत चढायचा. भूक अजिबात सहन व्हायची नाही त्याला. एकदा उपवास करून बघ म्हटलं तर म्हणाला, "मग मलाच स्ट्रेचरवर न्यावं लागेल, आणि तुझी कंबर धरेल."

तर तो रविवार. माझी सकाळी आठची ड्युटी होती. सहाला जाग आली आणि मला कंटाळा आला. ताप नाही, पाहुणे नाहीत, कुणाचं लग्न नाही. नुसता कंटाळा. पांघरूण गरम होतं आणि रस्ता लांब होता, एवढंच. मी उठलो, प्रथमोपचाराच्या पेटीतून कापसाचा बोळा काढला, गालात धरला आणि छत्रीला फोन लावला. वीस वर्षांच्या वैद्यकीय अनुभवाचा मी असा उपयोग केला.

"दाढ रे," मी कण्हलो. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

त्यानं दोनचार प्रश्न विचारले. मी कण्हत उत्तरं दिली. "बरं, झोप तू," तो म्हणाला, "मी जातो."

बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. "लाज वाटते का काही?" तिनं विचारलं. मी गालातला बोळा काढला आणि झोपलो.

पावणेबाराला ड्रायव्हरचा फोन आला. "छत्री गेला," तो म्हणाला.

"कुठे?" मी विचारलं. झोपेत होतो ना मी.

मोठ्या रस्त्यावर स्कूटरवरून एक बाई पडली होती. पाय मोडला होता, बाकी शुद्धीवर होती. अकराचं ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं. छत्री जसा नेहमी बसायचा तसाच बसला. मागून आलेल्या टेम्पोला ब्रेक लागले नाहीत. धडक त्याच्या पाठीनं घेतली. ती बाई वाचली, आता काठी घेऊन चालते. तिथं मी असतो तर तोंड गाड्यांकडे करून बसलो असतो, टेम्पो बघितला असता आणि टुणकन उडी मारली असती. म्हणजे मी नक्की वाचलो असतो. त्या बाईचं मात्र सांगता येत नाही. हे गणित मी किती वेळा केलं असेल, आणि दर वेळी उत्तर एकच येतं, की तिथं त्या दिवशी योग्य माणूस गेला होता. त्यानं मला अजिबात बरं वाटत नाही.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा वहिनी, म्हणजे छत्रीची बायको, बाकावर बसल्या होत्या. शेजारी ड्रायव्हर, शर्ट रक्तानं भरलेला. वहिनींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात आपोआप गालावर गेला. देवाशपथ सांगतो, मी तो नेला नाही, तो गेला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "दाढ कशी आहे?"

तीच वेळ होती खरं सांगायची. वकील काय म्हणाला? "बरी आहे. थोडी ठणकते."

मग माझ्या दाढेचं नाव सगळीकडे झालं. केंद्रावर जो भेटेल तो खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "दाढेनं वाचवलं बघ तुला." साहेबांनी तर माझी समजूत काढली, की दुखणं काय कुणाच्या हातात असतं. मी मान हलवायचो. लोक माझ्यासमोर कडक काही खायचेसुद्धा नाहीत. मीही चुकून सुपारीला हात घातला की आठवण येऊन मागे घ्यायचो. रडायचं होतं मला त्या माणसासाठी, मनसोक्त, आणि मी दाढ सांभाळत बसलो होतो.

दर रविवारी मी वहिनींकडे जायला लागलो. नळ गळतोय, दिव्याचं बटण बदलायचंय, बँकेचा फॉर्म भरायचाय. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी, घरात त्या एकट्या. काम झालं की स्वयंपाकघरात बसवून खायला घालायच्या. आणि काय घालायच्या? मऊ. सगळं मऊ. शिजवून शिजवून लगदा केलेलं. "चावायचा त्रास नको तुम्हाला," म्हणायच्या. नवरा गेलेली बाई माझ्या ठणठणीत दाढेसाठी भात घोटत होती, आणि मी तो गिळत होतो. त्या स्वयंपाकघराची एक भिंत अर्धी पिवळी आणि अर्धी मळकट करडी होती. मला वाटलं, हल्लीची फॅशन असेल. सहा महिने मी तिच्यासमोर बसून जेवलो, पण विचारलं नाही.

घरी बायको दर रविवारी रात्री एकच वाक्य बोलायची. "सांगितलंत?"

"आज त्यांना जरा बरं नव्हतं."

"बरं," ती म्हणायची, आणि ते ‘बरं’ मला पुढच्या रविवारपर्यंत पुरायचं.

सहा महिन्यांनी साहेबांनी ठरवलं, केंद्रावर छत्रीचा फोटो लावायचा. सोमवारी छोटा कार्यक्रम, वहिनी पहिल्या रांगेत, आणि बोलणार कोण? "वकील बोलेल. त्याच्याऐवजीच गेला ना तो." आता ही दाढ मला माइकवरून सांगावी लागणार होती, त्याच्या फोटोखाली उभं राहून, वहिनींच्या डोळ्यांत बघत.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? खरं सांगून मोकळा झाला असता. मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हटलं, खोटं पुसता येत नाही तर निदान ते खरं तरी करू. दाढच नसली तर ती दुखली होती की नव्हती हे कोण विचारणार?

"दाढा उत्तम आहेत तुमच्या," बाई म्हणाल्या. "कुठली काढू?"

"कुठलीही. डावीकडची."

त्यांनी मला हाकललं. मी दोन दिवसांनी परत गेलो. शेवटी वैतागून त्या म्हणाल्या की डावीकडची खालची अक्कलदाढ जरा वाकडी आहे, कधी ना कधी त्रास देईल. मी म्हटलं, आजच काढा. गुरुवारी दाढ निघाली. अर्धा तास लागला. इतकी वर्षं ती तिथं नक्की काय करत होती, हा प्रश्नच आहे. गालात बोळा घेऊन, या वेळी खरा, मी घरी आलो. बायकोनं बघितलं, तिला एका क्षणात सगळं कळलं.

"दाढ काढून काय उपयोग?" ती म्हणाली. "जीभ काढून यायची होती."

शनिवारी ठणका कमी व्हायच्याऐवजी वाढला. रविवारी मी वहिनींकडे गेलो, दुरुस्त करायला काही नव्हतं, तरी पक्कड घेऊन गेलो. त्या लसूण सोलत बसल्या होत्या. मी पक्कड टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या, भिंतीकडे बघत, सगळं सांगून टाकलं. दाढ दुखत नव्हती. कंटाळा आला होता. कापसाचा बोळा होता. हॉस्पिटलमध्येही खोटं बोललो. एकही कारण दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कारण नव्हतं.

त्यांनी हातातली पाकळी सोलून संपवली.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मी भिंतीवरून नजर काढून त्यांच्याकडे वळलो.

"फोन स्पीकरवर होता भाऊजी. ह्यांचे हात रंगानं माखले होते. तुम्ही आधी डावी दाढ म्हणालात. मग ह्यांनी मुद्दाम विचारलं, उजवीच ना? तुम्ही म्हणालात, हो, उजवीच. फोन ठेवून किती हसले. म्हणाले, वकिलाला कंटाळा आलाय, झोपू दे बिचाऱ्याला."

"मग तुम्ही कधी..."

"बसा आधी." मी बसलो. त्यांनी त्या अर्ध्या पिवळ्या भिंतीकडे मान केली. "दोन वर्षं मी मागे लागले होते, ही भिंत रंगवा म्हणून. त्या रविवारी पहाटेच उठवून एकदाचे हातात ब्रश देऊन उभे केले होते. अर्धी झाली आणि तुमचा फोन. उड्या मारत निघाले हो. तुमच्यासाठी नाही गेले ते, रंग टाळायला गेले. मला इतका राग आला. आदल्या दिवशीच सगळं चिरून ठेवलेलं होतं, दहा मिनिटांत डबा झाला असता. नाही दिला. विचारलं त्यांनी दोनदा, डबा? म्हटलं, जा उपाशी." त्यांनी सालं गोळा करायला घेतली. "अकराला जेवायचे ते. तुम्हाला माहीत आहे त्यांना भूक कशी लागायची. त्या बाईजवळ बसले तेव्हा पोटात काही नव्हतं."

मी टेबलावर सांडलेली सालं त्यांच्यापुढे सरकवली.

"तुमचं खोटं मी मुद्दाम चालू ठेवलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही खरं सांगितलं असतं तर मलाही माझं सांगावं लागलं असतं. म्हणून रविवारी मऊ भात करायचे. वाटायचं, हा माणूस खोटं बोलतोय तोवर मी सुटले."

मी परत त्या भिंतीकडे बघितलं. रंग जिथं थांबला होता तिथं ब्रशची एक तिरकी रेघ होती, वर जाऊन सोडून दिलेली.

मग वहिनींनी चहा टाकला, आणि चहाबरोबर पहिल्यांदाच कडक टोस्ट ठेवले. "संपलं ना आता दाढेचं नाटक? खा."

माझ्या डाव्या गालात सुतार काम करत होता. आता मी काय म्हणणार होतो? वहिनी, दाढ दुखते? मी टोस्ट घेतला, उजवीकडे सरकवला, चावला. डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं मी रडतोय, आणि तसं मी रडतही होतो. दुसऱ्या घासाला टोस्टवर लाल ठिपका उमटला. अँब्युलन्सवाल्याची बायको ती, तिच्या नजरेतून रक्त कसं सुटणार?

"आ करा."

"काही नाही वहिनी."

"आ करा म्हणते ना."

मी आ केला. त्यांनी खिडकीकडे माझी हनुवटी वळवली, आत बघितलं आणि हळूच विचारलं, "भाऊजी, खरीच काढून आलात?"

मी मान हलवली.

त्या हसायला लागल्या. आधी पदराआड, मग टेबलाला धरून. सहा महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "चांगली दाढ," त्या म्हणत होत्या, "चांगली धडधाकट दाढ." मग मीही हसायला लागलो, आणि हसलं की आणखी दुखायचं. हसता हसता त्या एकदम दाराकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का..."

पुढचं त्यांच्या तोंडातच राहिलं. दारात कुणी नव्हतं. आम्ही रडलो तेव्हा, दोघंही, सहा महिन्यांचं.

शेवटी त्यांनी तोंड पुसलं. "उद्या हेच सांगा तिथं," त्या म्हणाल्या. "रडगाणं नको. त्यांना हे आवडलं असतं."

"आणि डब्याचं?"

"ते माझं आहे. ते सांगायचं तेव्हा मी सांगेन."

गार झालेला चहा त्यांनी परत गरम केला. माझ्या हातातला टोस्ट काढून घेतला, कपात बुडवला, नीट मऊ झाला का ते चमच्यानं बघितलं, आणि बशी माझ्यापुढे सरकवली.