उलट्या अक्षराचा बिल्ला

चष्म्याची भिंगं घासण्यात उभा जन्म गेलेल्या या गृहस्थांना सगळे पालथेकाका म्हणत. जुन्या लष्करी अधिकाऱ्यांच्या गणवेशावरचे बिल्ले ते जमवायचे आणि बिल्ला हातात आला की आधी तो पालथा करायचे. पुढे सिंह असो की गरुड, त्यांना त्याचं सोयरसुतक नसे. मागे बनवणाऱ्याची बारीक मोहर दिसली की स्वारी खूश. "साहेबांचे फोटो भिंतीवर लागले, पण घडवणाऱ्याला कोण विचारतो?" असं त्यांचं म्हणणं. कपाटात आता रुमाल ठेवायलाही जागा नाही, हे काकूंनी शंभरदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी!

त्यांच्या सगळ्यात लाडक्या बिल्ल्याच्या मोहरेतलं एक अक्षर आरशात दिसावं तसं उलटं होतं. काकांनी तो एका प्रदर्शनात मांडला, पण परीक्षकांनी नकली ठरवून काचेबाहेर काढला. "कारखाना अशी चूक करेल होय?" असं ते म्हणाले. काकांच्या ते फार जिव्हारी लागलं. बिल्ला खरा ठरवल्याशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

दोन वर्षं त्यांनी कोरीवकाम करणाऱ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी शिक्के बनवणाऱ्या एका बाईंनी तो बिल्ला भिंगाखाली धरला आणि मोहर लगेच ओळखली.

"अहो, ठशात अक्षर उलटं कोरायचं, तेव्हा ते सुलटं उमटतं. इथे कोरणारा विसरला आणि सुलटंच कोरून बसला. माझे बाबा ते! कारखान्यात फार बोलणी खाल्ली त्यांनी. मरेपर्यंत लाज वाटायची त्यांना त्या अक्षराची."

बाबांनी लपवलेला पोलादी ठसा अजून खणात होता. बाईंनी तो साबणाच्या वडीवर दाबला. मोहर तंतोतंत जुळली, आणि काकांनी भर दुकानात टाळ्या पिटल्या.

परीक्षकांनी मुकाट्याने बिल्ला काचेत घेतला. काका त्याच्याखालची चिठ्ठी लिहायला बसले, तेव्हा बाई शेजारी उभ्या राहून ते उलटं अक्षर पाहत होत्या. काका ओशाळले. आपल्या आनंदापायी त्यांच्या बाबांची चूक चव्हाट्यावर येणार होती.

"नुसतं कारखान्याचं नाव ठेवू का?"

"नको. बाबांनी हजारो बिल्ले केले, सगळे बिनचूक. बाकीच्यांच्या बिल्ल्यांत बाबांचा कुठला, हे मला कधी कळायचं? हा एकच ओळखता येतो."

कारखान्याच्या नावावर काट मारून काकांनी बाबांचं नाव विचारलं. बाईंनी ते सावकाश सांगितलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अक्षरं तेवढी सुलटी काढा हं."