आसरांच्या डोहाची वाट

धरणाचं पाणी आलं तेव्हा माझ्या सासरच्या गावचे सगळे देव उठून नव्या गावठाणात आले. मारुती वाजतगाजत आला, म्हसोबा बैलगाडीतून आला. मागे राहिल्या फक्त साती आसरा, पाण्यातल्या देवी. डोहात राहणाऱ्या या सातजणींना उचलून आणायचं कसं, हे ना सरकारला सुचलं ना गावाला. "त्यांचं पुनर्वसन न्हाय झालं," असं सासूबाई म्हणायच्या, आणि यात हसण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नसायचं.

मी बारामतीची. बारावी सायन्सला जीवशास्त्रात चांगले मार्क पडलेली, म्हणून स्वतःला फार शहाणी समजणारी. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी आले. घर मूळचं मेंढरांचं. माझ्या वेळेपर्यंत मेंढरं जाऊन ऊस आला होता. घरात येणाऱ्या सुनेला डोहावर नेऊन आसरांना दाखवायचं, अशी इथली रीत. एकदा दाखवली की त्या तिला आपली मानतात, तिच्यावर डोळा ठेवत नाहीत. पण डोह आता पाण्याखाली. ज्या उन्हाळ्यात पाणी फार मागे हटेल त्याच उन्हाळ्यात तिथवर पायी जाता यायचं, आणि तोवर सुना साठत राहायच्या. मीही त्या थकबाकीत होते.

दरम्यान माझी दोन गरोदरपणं अर्ध्यावर मोडली. सासूबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा बाहेर त्या कुणाला तरी सांगत होत्या, "दावलेली न्हाय ना अजून. म्हणून व्हतंय." मला इतका राग आला की रडूच थांबलं.

मग तो उन्हाळा आला. पावसानं आधीच्या वर्षी दगा दिला होता, पाणी हटत हटत पार दूर गेलं. एरवी बेट असणारं टेकाड उघडं पडलं आणि त्याच्या पायथ्याचा डोह दिसू लागला, असा निरोप मासेमारांनी आणला. सासूबाईंनी लगेच दिवस ठरवला. आणि मला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते.

हे कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. माहेरी जाऊन गुपचूप तपासून आले होते. दोनदा पेढे वाटून झाले होते, तिसऱ्यांदा घरच्यांची पडलेली तोंडं बघायची माझी तयारी नव्हती. अडचण एवढीच होती की गर्भारशीनं आसरांच्या पाण्यावर जायचं नसतं. सांगावं तर गावभर होणार, न सांगावं तर जावं लागणार. पाण्यात बायका राहत नसतात, असं मी मनाला ठणकावलं आणि निघाले.

पुरुषांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आम्हाला गाळाच्या कडेपर्यंत सोडलं. पुढे पुरुषांनी यायचं नसतं. सासूबाई, माझी थोरली जाऊ, भावकीतल्या दोन नव्या सुना आणि मी. समोर नुसता भेगाळलेला गाळ, मैलभर तरी असेल. शिंपले पायाखाली करकर मोडत होते. मेलेल्या चिलापी माशांचा वास, मधूनच चिंचेचं काळं खोड. पक्षीसुद्धा त्या बाजूला उतरत नव्हते.

"माज्या पावलात पाऊल टाका," सासूबाई म्हणाल्या. "जुन्या गावातल्या रस्त्यानं जायाचं. रस्त्याला खाली दगड हायती. बाजूला गाळ गिळतो."

रस्ता कुठे होता? मला काहीच दिसत नव्हतं. त्या मात्र सरळ चालत गेल्या, मग मोकळ्या मैदानात एकदम उजवीकडे वळल्या. का, तर म्हणे समोर कुणाचं तरी घर आहे. दुसऱ्याच्या घरातून कसं जायचं? थोडं पुढे गेल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मान खाली घातली आणि पावलं हळू टाकली. जावेनंही तेच केलं. "थोरल्या मामंजींची ओसरी," ती माझ्या कानात कुजबुजली. तिथे गाळाशिवाय काही नव्हतं. मी हसायला तोंड उघडलं, आणि माझाही हात पदराकडे गेलेला मला दिसला. मला स्वतःचीच भीती वाटली.

पुढे एका जागी त्यांनी आम्हाला थांबवलं. "हितं आड हाय. गाळानं बुजलाय, पण आत पोकळ हाय. डावीकडनं चला." बोट दाखवलं तिथली जमीन इतर जमिनीसारखीच होती.

डोह टेकाडाच्या पोटात होता. सगळीकडे गढूळ पाणी आणि इथे मात्र हिरवं, नितळ. वारा होता, तरी त्याच्यावर तरंग उठत नव्हते. सुनांनी एकेक करून गुडघाभर पाण्यात उतरायचं, दहीभात आणि हिरव्या बांगड्या सोडायच्या, आणि सासूबाईंनी मोठ्यानं म्हणायचं, "ही आमची हाय, ओळख ठेवा." दोघी उतरल्या, वर आल्या. माझी पाळी आली. मी काठाशी गेले आणि पाय उचलेना. पाण्यात माझी सावली पडली होती आणि ती मला जरा जास्तच जवळ वाटली. सगळं जीवशास्त्र तिथे संपलं.

"आत्या, मला दिवस गेलेत," मी म्हणाले.

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं, इतक्या जोरात की वळ उठला. मग माझ्या वाटचा दहीभात आणि बांगड्या स्वतःच्या पदरात घेऊन त्या लुगड्यासकट पाण्यात शिरल्या. छातीपर्यंत गेल्या. हात जोडून, घरात बोलतात तशाच आवाजात म्हणाल्या, "चूक माजी हाय. म्या आणली तिला. घ्यायाचं तर मला घ्या, तिचं ऱ्हाऊ द्या."

मला ओरडावंसं वाटलं, की असलं काही बोलू नका.

परतताना मागे वळून बघायचं नसतं. बघितलं की त्या सोबत येतात, आणि गर्भारशीनं बघितलं तर पोटातलं ठेवून घेतात. जाताना पुढे असलेल्या सासूबाई आता सगळ्यांत मागे झाल्या, माझ्या आणि डोहाच्या मधे. जाऊ पुढे. तिला रस्ता पाठ नव्हता, म्हणून सासूबाई मागून सांगत होत्या. "सरळ. हळू. आता आड येतोय, उजवीकडनं चला." त्यांच्या ओल्या लुगड्याचा फटफट आवाज माझ्या पाठीशी येत होता आणि त्याचाच मला आधार होता.

आड मागे पडला असेल-नसेल, तोच तो आवाज थांबला.

जाऊ थबकली. "आत्या, आता कुनीकडं?" उत्तर नाही. "आत्या?" आम्ही सगळ्या एका रांगेत, तोंडं गावाकडे करून उभ्या. कुणी मान हलवेना. ऊन रणरणत होतं. मागून एक आवाज आला, म्हैस चिखलात बसताना येतो तसा. मी दोन्ही हात पोटावर धरले. आतल्याला म्हणाले, घट्ट धर. आणि वळून बघितलं.

सासूबाई आडात होत्या. कमरेच्या वरपर्यंत गाळात गेलेल्या. धडपड नाही, हाक नाही. डोहाकडे तोंड करून, हात जोडून, डोळे मिटून त्या हळूहळू खाली जात होत्या.

मी किंचाळले. मग सगळ्याच वळल्या. जावेनं भर उन्हात अंगावरची साडी सोडली, तिचा पीळ करून आम्ही त्यांच्याकडे फेकला. त्यांनी तो धरला नाही. शेवटी जाऊ आडवी पडून सरपटत गेली आणि त्यांच्या काखेखालून साडी घातली. आम्ही ओढलं. गाळानं त्यांना सोडलं तेव्हा पुन्हा तसाच आवाज झाला. घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पाय चुकला असेल, असं जाऊ सगळ्यांना सांगत राहिली. मीही तेच धरून बसले. दुसरं काही मनात येऊ द्यायची माझी हिंमत नव्हती.

पुढच्या महिन्यात बारामतीच्या दवाखान्यात माझं तिसरं गेलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं, की आधी दोनदा ज्या कारणानं झालं त्याच कारणानं हेही झालंय, यात चालण्याचा, ओढण्याचा, कशाचाच संबंध नाही. मला ते पटलं. आजही पटतं.

संध्याकाळी सासूबाई डबा घेऊन आल्या. माझ्या पायांशी बसल्या आणि पाय दाबायला लागल्या. सासूनं सुनेचे पाय दाबायचे नसतात. मी पाय ओढून घेतले, त्यांनी पुन्हा धरले.

"मागं कशाला बगितलंस गं?" त्यांनी विचारलं.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. डॉक्टरीणबाईंचं चित्र उशाशीच होतं. पण मला एवढंच सुचलं.

"तुमचा आवाज बंद झाला म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाय दाबत राहिल्या.

"तू बगू नयेस म्हनूनच तर गप ऱ्हायले व्हते मी," त्या म्हणाल्या.