मागे सरकणारी नवरी

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत दिग्रसमध्ये नवा सीडी प्लेयर कोणी घेत नसे. जिनिंग गिरणीतल्या कापसाची पांढरी लव शिरून अडखळणारे जुनेच प्लेयर शेजारच्या काकांकडे दुरुस्तीला येत. काका प्रत्येकाचा वेग स्वतःच्या लग्नाच्या सीडीवर तपासत. चित्र उलटे पळवले, की गळ्यातला हार अलगद उठे आणि नवरीच्या वेशातल्या काकू मागे मागे सरकत. त्या माहेरच्या उंबऱ्याशी पोचण्याआधी काका चित्र नेमके थांबवत.

“एकदा तरी पोचू द्या ना मले!” फोडणीच्या चरचरीवरून काकूंचा आवाज येई.

माझ्या प्लेयरचे थांबवायचे बटण मात्र अडकले. नवरी उंबरा ओलांडून घरात शिरली, तशी काकांनी वायरच उपटली.

“मशीन लय फास्ट हाये,” असे मला सांगून ते आधी स्वयंपाकघरात डोकावून आले.