गेरू की रगात

लालबागच्या चाळीत आम्ही तळमजल्याला राहायचो. मागचं दार उघडलं की गटार, त्यापलीकडे अरुंद बोळ आणि मग गिरणीची भिंत. त्या बोळात माझ्या वहिनीचं खुराडं होतं. वहिनी मालवणकडची. माहेरहून परतताना तिनं बोटीतून एक तांबडी कोंबडी मांडीवर धरून आणली होती. घरातली भांडी, ट्रंका, देव, सगळं आमचं होतं; कोंबडी तेवढी तिची. त्या कोंबडीनं अकरा अंडी उबवली आणि अकराच्या अकरा पिल्लं निघाली, तेव्हा वहिनी चाळभर सांगत फिरली.

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हे प्रकरण मुळातच पसंत नव्हतं. शेजारी वासाची तक्रार घेऊन त्याच्याकडेच यायचे. तो वाट बघत होता ती एका निमित्ताची. ते मी पुरवलं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. लोक तुरुंगात जात होते, सभा गाजवत होते. माझं अक्षर बरं म्हणून माझ्याकडे गेरूचा डबा आला. गिरणीच्या ऑफिसातली कारकुनी सुटली की मी भिंतींवर ‘झालाच पाहिजे’ लिहायचो. कालवलेल्या गेरूचा डबा ठेवायला बोळाइतकी सोयीची जागा नव्हती. पिल्लं एकदा त्यात पडली, दोनदा त्यांनी तो सांडला. बोळातली फरशी कायम तांबडी.

एका सकाळी वहिनीनं मला मागच्या दारी हाक मारली.

“भावोजी, पिलां रगात हगतत.”

मी वाकून पाहिलं. विष्ठा पातळ आणि लाल होती. पाच-सहा पिल्लं पिसं फुलवून, पंख खाली सोडून, एकमेकांना चिकटून डोळे मिटून उभी होती. समोर कणी टाकली तर खात नव्हती, पाण्याला मात्र चोची लावत होती. आजार ओळखायला एवढं पुरेसं होतं. पण ओळखणारा मी होतो.

“रक्त कसलं वहिनी, गेरू आहे तो. माझा डबा चोचलाय त्यांनी.”

“गेरू माका कळता. ह्यां रगात.”

मग मी शास्त्रीय पद्धतीनं जायचं ठरवलं. ऑफिसातला एक कोरा कागद घेतला. त्यावर गेरूचा एक पट्टा ओढला, शेजारी त्या विष्ठेचा. खाली ‘गे’ आणि ‘वि’ अशी अक्षरंही घातली, म्हणजे उगाच घोळ नको. दोन्ही पट्टे सारखेच लाल दिसले. “बघा,” म्हटलं आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला. दादाला दाखवायला पुरावा हवा ना!

रोगाचं निदान झाल्यावर उपचार आलेच. गेरू पोटात गेला आहे, तर तो बाहेर काढला पाहिजे. लहानपणी आई आम्हाला महिन्यातून एका रविवारी एरंडेल पाजायची. तेच मी पिल्लांना पाजलं, कापसाच्या बोळ्यानं, एकेकाची चोच उघडून. शिवाय खुराड्यात गेरू राहायला नको म्हणून पाच बादल्या पाणी ओतून ते धुऊन काढलं आणि ओल्या भुशावरच पिल्लं परत सोडली. वरच्या मजल्यावरचे, गिरणीत माग चालवणारे साचेवाले काका कठड्यावरून हे सगळं बघत होते.

“काय रे पुढारी, एरंडेल कोणाला?”

“पिल्लांना. पोट साफ व्हायला.”

“हगवणीवर एरंडेल? अरे वा! मग लिही भिंतीवर, जुलाब झालाच पाहिजे!”

चाळ दिवसभर हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन पिल्लं मेलेली होती आणि उरलेल्यांत निम्मी उभी राहत नव्हती. मेलेली पिल्लं सुपात ठेवून वहिनी उंबऱ्यावर बसली. बोलला तो दादा.

“आणखी तीन दिवस. हे थांबलं नाही, तर खुराडं मोडायचं आणि कोंबडी रविवारी चुलीवर. चाळीला रोगराई नको.”

वहिनीनं दादाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. “तुमी आता माझ्या पिलांक हात लावू नकात.”

मी एक मेलेलं पिल्लू वर्तमानपत्रात गुंडाळलं, एक आजारी पिल्लू टोपलीत घातलं आणि परळचा जनावरांचा दवाखाना गाठला. त्या दिवशी हरताळ होता, ट्रामा बंद, चालत गेलो. दवाखान्यात सगळे बैल, घोडे आणि एक बकरी. टोपली घेऊन मी रांगेत उभा राहिलो तेव्हा बैलवाल्यानं विचारलं, “भाजी आणलीत काय?”

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी मेलेलं पिल्लू टेबलावर घेऊन उघडलं आणि मला जवळ बोलावलं. “हे आतडं. त्याच्या शेवटाजवळ या दोन आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद, पिशव्या. रोग इथं आहे.” दोन्ही पिशव्या फुगून काळ्यालाल झाल्या होत्या. त्यांनी एक कापली. आत रक्त होतं आणि रक्ताच्या गाठी.

“रक्ती हगवण. पिल्लांना याच वयात होते. विष्ठेत लाल कधीपासून दिसतंय?”

“काल सकाळपासून. पण ते गेरूचं आहे असं मला...” असं म्हणत मी खिशातून पुरावा काढून त्यांच्यापुढे उलगडला.

‘गे’चा पट्टा होता तसाच विटकरी होता. ‘वि’चा पट्टा सुकून तपकिरी-काळा पडला होता. गेरू वाळला तरी गेरूच राहतो, रक्त वाळलं की काळं पडतं. माझी तपासणी अगदी बरोबर होती. फक्त निकाल लागेपर्यंत मी थांबलो नव्हतो. आदल्या दिवसापासून तो निकाल माझ्याच खिशात पडून होता.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला. “पद्धत चांगली आहे,” ते म्हणाले. “आणि उपाय काय केलात?”

मी एरंडेलाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग पाच बादल्यांचं सांगितलं. त्यांनी चष्मा परत घातला.

“या रोगाचं बी विष्ठेतून पडतं आणि ओलाव्यात तयार होतं. कोरड्यात त्याचं फारसं चालत नाही. तुम्ही त्याला न्हाऊमाखू घातलंत.”

त्यांनी सल्फाची पूड दिली आणि समजावून सांगितलं. पूड मोजून पाण्यात मिसळायची, दुसरं पाणी समोर ठेवायचंच नाही. खाणं सुटलेलं पिल्लूही पाणी पितं, म्हणून औषध पाण्यातून. तीन दिवस औषध, दोन दिवस साधं पाणी, परत तीन दिवस औषध. ओला भुसा सगळा काढून जाळायचा, कोरडा घालायचा, रोज बदलायचा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवायचं, म्हणजे त्यात घाण पडणार नाही. आजारी पिल्लं वेगळी.

“आणि एरंडेल?” मी विचारलं.

“तुम्ही घ्या.”

घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं, कागदासकट. वाटलं होतं हसेल, निदान चिडेल. तिनं कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि नुसतं म्हणाली, “रगात.” मग पूड घेतली. मला फक्त भुसा वाहायची परवानगी होती, तीही दारापर्यंत.

त्या रात्रीत आणि दुसऱ्या दिवशी आणखी तीन गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा खुराड्यापाशी गेला. वहिनी त्याच्या आधीच तिथं होती. तिनं आदल्या संध्याकाळी एक कोरा कागद पिल्लांखाली पसरून ठेवला होता आणि आता वाळलेला तोच कागद ती त्याच्यासमोर धरून उभी होती. दादानं तो उजेडाकडे धरून पाहिला. हिरवट, पांढरं, नेहमीसारखं. काळं कुठंच नव्हतं. पाच पिल्लं कणी टिपत होती. दादा म्हणाला, “ठीक आहे, पण वास यायला नको,” आणि कामाला गेला. खुराडं राहिलं. पुढं त्या पाचांपैकी तीन कोंबडे निघाले आणि पहाटे चारला आरवायला लागले, तेव्हा चाळीनं माझीच आठवण काढली.

गेरूचा डबा मी माळ्यावर ठेवला. पण आमच्या घरात एक म्हण कायमची राहिली. मी काहीही छातीठोकपणे सांगायला लागलो की वहिनी म्हणायची, “भावोजी, कागद सुकांदे.” नोकरीत बढती मिळणार म्हणून सांगितलं, तेव्हा म्हणाली. माझ्या लग्नाची मुलगी पसंत पडली, तेव्हा म्हणाली.

पुढं एका संध्याकाळी, मुंबई आपल्याला मिळणार असं पक्कं कळलं म्हणून मी नाक्यापासून ओरडत घरी आलो. चाळ खाली उतरली होती, कोणी थाळ्या वाजवत होतं. वहिनी मागच्या दारी कोंबड्यांना कणी टाकत होती.

“वहिनी, मिळाली! मुंबई मिळाली!”

तिनं सूप झटकलं, माझ्याकडे पाहिलं.

“कागद सुकलो?”