आबांची वाळूची बादली

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर रागावलेलोच होतो. आदल्या दिवशी त्यांच्यापायी आमची नंदुरबारची गाडी चुकली होती. घरातले सगळे भाचीच्या लग्नाला पुढे गेलेले. आबांना, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, सुरतेतल्या पांडेसऱ्याहून उधना स्टेशनात आणायचं, एवढंच काम विश्वासाने माझ्यावर सोपवलेलं. आबा रिक्षात बसले, उतरले, गॅस बघून आले. कोपऱ्यावर पुन्हा, "थांबव रे भो." या खेपेला देवापुढची उदबत्ती वाळूत खुपसायची राहिली होती, तीही सकाळीच विझलेली. आम्ही स्टेशनातल्या पुलाचा जिना उतरतोय तोवर गाडी हलली. मी म्हणालो, "आबा, तुम्ही त्या बादलीलाच घेऊन बसा घरी." त्यांना दारात सोडून, वरही न जाता, मी पर्वत पाटियाला माझ्या घरी आलो… सकाळी शेजाऱ्यांचा फोन. झोपेतच गेले होते.

ही बादली म्हणजे आमच्या घराण्याची करमणूक. लाल रंगाची, वाळूने भरलेली, स्वयंपाकघराच्या दाराशी. तिच्यावरून आबांच्या नकला करून मी चार लग्नं गाजवली आहेत. सुनीलच्या, आबांच्या मुलाच्या, वास्तुशांतीत मंत्र संपायच्या आत आबांनी होमावर दोन मुठी वाळू टाकली. ते भटजी अजून त्या गल्लीत पाऊल ठेवत नाहीत. हा किस्सा मी हातवारे करून सांगायचो, आणि आबा उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, हवा खायला जातात.

तरुणपणी ते सुरतेतल्या एका जुन्या मिलमध्ये कापसाच्या गोदामावर मुकादम होते. मी बालवाडीत असताना ती मिल जळाली. आता तिथे साड्यांचं काचेचं मार्केट आहे, पण रिक्षावाल्यांना विचारा, त्यांच्या लेखी ती अजून 'बळेली मिल', जळालेली मिल. आबा ते नाव तोंडातून काढत नसत. तिकडे जायचं तर रिक्षा पुढच्या नाक्यावर थांबवायची आणि भर उन्हात मागे चालत यायचं, सोबत मी, पिशव्या धरून, धुसफुसत.

दहाव्याला त्यांचे मिलमधले सोबती देवराम भाऊ आले. बादलीकडे बघत म्हणाले, "अजून शे का ही?" मी सवयीने किस्सा सुरू केला. त्यांनी मला मध्येच थांबवलं. मिल जळाली त्याच्या आदल्या संध्याकाळी गोदामात कापसाच्या एका गाठीने पेट घेतला होता. सगळ्यांनी मिळून पाणी मारलं. आबांनी एकेका गाठीवर तळहात ठेवून पाहिलं, सगळ्या गार. आग विझली असं धरून, "इझनी, घर चला," म्हणत त्यांनीच माणसांना घरी पाठवलं. पण कापसाची गाठ आवळून बांधलेली असते. वरून ओली चिंब, आणि आग पोटात जिवंत. सकाळी सगळं गोदाम पेटलं. जीव कुणाचा गेला नाही, पण मिल पुन्हा उघडली नाही.

"त्याले कोन्ही काही बोलनं नही," देवराम भाऊ म्हणाले. "आमले एकेकले पांडेसराना डाइंगमा त्यानीच लाई दिधं. सोता सगळ्यास्ना मांगे लागना." म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यांत आधी सगळ्यांना नोकरी, स्वतःला सगळ्यांत शेवटी.

आणि बोललो ते आम्ही. मी. पदरचे हातवारे घालून…

बादली मी घरी आणली. बायको म्हणाली, "आता ही कुठे ठेवायची?" लेकीला तिच्यात कोथिंबीर लावायची होती. मी नाही म्हणालो आणि का ते सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "पप्पा, बादलीची स्टोरी आम्हाला पाठ आहे."

"ही नाही ऐकलीस. बस."

ती बसली. मी मात्र आधी उठून गॅस बघून आलो.