साठ टंचाची आमटी

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे अण्णा कोणत्याही गोष्टीचा टंच सांगायचे. टंच म्हणजे चांदीचा कस, शंभर भागांत शुद्ध चांदी किती ते. हुपरीत पैंजणांच्या धंद्यात त्यांचा जन्म गेला होता. म्हातारपणी कोल्हापुरात शाहूपुरीत राहायला आले, धंदा सुटला, पण कस लावायची सवय काही सुटली नाही. चहा सत्तर टंच, नवा नगरसेवक चाळीस टंच, हापूस म्हणून कुणी आणलेला आंबा पंचावन्न. सोसायटीचा खजिनदार म्हणून मी दरवर्षी हिशेब मांडायचो. तो ऐकून सगळे माना डोलवायचे. अण्णा मात्र मागून विचारायचे, "खजिनदार, हिशेब नव्वद टंच हाय. वरचं धा कुठं गेलं?" मला त्याचा राग येत नसे. निदान एक माणूस तरी ऐकत होता.

अण्णा जैन. कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं काहीच नाही, आणि जेवण दिवस मावळायच्या आत. त्यांच्यातले सगळेच इतकं कडक पाळतात असं नाही. अण्णांचा भाऊच हुपरीत मिसळ खातो. अण्णा पाळायचे. बायको गेल्यावर त्यांनी स्वयंपाकाला एक बाई ठेवली होती. ती दुपारी यायची आणि पाचपर्यंत दोन्ही वेळचं करून जायची. स्वतः अण्णांनी गॅस पेटवलेला कुणी पाहिला नव्हता. एकदा मी सहज विचारलं, तर म्हणाले, "पेटवायचा कसा ते म्हाईत हाय. पुढचं म्हाईत न्हाय."

मग लॉकडाऊन लागला. बाईच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे पडले आणि तिचं येणं बंद झालं. इमारतीतल्या प्रत्येक घरानं अण्णांना सांगितलं, आमच्याकडून ताट येईल. अण्णांनी हात जोडले. "राग मानू नका. पण आयतवारी तुमच्यात काय शिजतंय त्याचा वास पार माझ्या दारापतोर येतोय की. भांडी तीच, चमचे तेच. मला घास उतरायचा न्हाय." यात अपमान काही नव्हता. आयतवारी आमच्यात जे शिजायचं ते शिजायचंच.

भाजीचं वाटप माझ्याकडे होतं. मुरगूडचा एक शेतकरी टेम्पो घेऊन यायचा, मी खाली वजन करून घरोघर पिशव्या लावायचो. कोण काय घेतं हे आपोआप लक्षात राहायचं. अण्णा केळी घ्यायचे आणि काकडी. परत केळी, परत काकडी. वर किराणा दुकानातून चिरमुऱ्यांचं पोतं मागवलेलं. मी बायकोला म्हटलं, "मंगल, अण्णा जेवत नाहीत." ती म्हणाली, "चेहऱ्यावरनं दिसतंय की. त्याला वजनकाटा कशाला पाहिजे?"

त्याच आठवड्यात पुण्याहून त्यांच्या मुलाचा, महावीरचा, मला फोन आला. "काका, खरं सांगा, अण्णा काय खातात? मला फोनवर रोज पुरणपोळीच सांगतात." मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "पास मिळाला की मी येतो आणि त्यांना घेऊन जातो. घर बंद करू. आता हे पुरे झालं."

हे अण्णांना कळलं तेव्हा ते जिन्यात एक पायरी वर आणि मी दोन पायऱ्या खाली, असे तोंडाला रुमाल बांधून उभे होतो. मला वाटलं चिडतील. ते एकदम बारीक आवाजात म्हणाले, "खजिनदार, मागं म्हैनाभर गेलतो पुण्याला. सून लई चांगली. पाण्याचं भांडं पण हातात आणून देती. सोफ्यावर बसायचं, टीव्ही बघायचा, हाक आली की जेवायला जायाचं. पावण्यागत. चार दिस गोड लागतंय. मग आपलं वजन आपल्यालाच कळाय लागतंय." मग म्हणाले, "महावीर यायच्या आत मला सैपाक आला पायजे. आला तर मी हितं. न्हाय आला तर गेलो."

सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तोवर पाणी कधी येणार आणि गाडी कुणाची आडवी लावलीय एवढ्यापुरताच होता. लॉकडाऊनमध्ये त्याचं रूपच बदललं. सकाळी 'आज काय केलंय?' असा प्रश्न पडायचा आणि फोटो सुरू व्हायचे. कुणाची थालीपिठं, कुणाचा कुकरातला केक, कुणी झुणक्यात काय घातलं. पहिल्या मजल्यावरच्या पाटीलकाकूंचा सगळ्यात उत्साह. त्या आवाजी निरोपात पाककृती सांगायच्या आणि कोल्हापुरातली कुठलीही पाककृती जशी सुरू होते तशीच त्यांचीही व्हायची: आधी दोन कांदे बारीक चिरून परतायचे, मग कांदा-लसूण चटणी. एके दिवशी त्यावर अण्णांचा पहिलावहिला आवाजी निरोप आला. "पाटीलबाई, नमस्कार. कांद्याच्या पुढनं सांगा."

सगळी इमारत हसली. पाटीलकाकू मात्र अडल्या. कांदा-लसूण काढून टाकल्यावर पुढं काय उरतं, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. दोन दिवस त्यांनी खरोखर प्रयोग केले आणि जिरं, सुकं खोबरं, तीळ, मिरची असं वाटण ठरवून दिलं. "मीठ अंदाजानं घाला अण्णा," त्या म्हणाल्या.

"अंदाज कुठल्या दुकानात मिळतोय? आनि आता तर दुकानंबी बंद हाईत."

अण्णांनी मग कपाटातून चांदी तोलायचा काटा काढला. मंगलला फोन करून म्हणाले, "वैनी, तुमचा अंदाज एकदा वजन करून सांगा." मंगलनं चिमूट भरून आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. काटा हललाच नाही. ती म्हणाली, "अण्णा, आमच्या काट्याला एवढंसं दिसत नाही." "मग राहू दे. डोळ्यानं बघून सांगा, मी हितं बघतो." दोघं व्हिडिओ कॉलवर एकमेकांना मिठाच्या चिमटी दाखवत होती. मी पेपर वाचायचं सोडून ते बघत बसलो.

पहिली आमटी झाली ती एप्रिलअखेरच्या एका संध्याकाळी. खारट झाली. आता तुम्ही-आम्ही पाणी घातलं असतं आणि गप्प जेवलो असतो. अण्णा चांदीवाले. मिश्रणाचा कस बिघडला तर दुसरा धातू किती घालायचा याचं गणित त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी डाळ वाढवली. मग तिखट कमी पडलं म्हणून वाटण वाढवलं. मग घट्ट झालं म्हणून पाणी, आणि पाणी घातल्यावर पुन्हा मीठ. पातेलं पुरेना म्हणून मोठं काढलं, ते पुरेना म्हणून लग्नातलं. सूर्य कलायला लागला तेव्हा घरात चाळीस पानांची आमटी होती आणि जेवणारा एक माणूस. शिळं चालत नाही. टाकणं तर त्याहून चालत नाही.

ग्रुपवर निरोप आला: "आमटी हाय. भांडी घेऊन या. लांब लांब उभं ऱ्हावा."

आम्ही सगळे जिन्यात रांगेनं उभे. तिसऱ्या मजल्यापासून खाली फाटकापर्यंत, प्रत्येकाच्या हातात पातेली, डबे, एकाच्या हातात चक्क किटली. अण्णा दारात उभं राहून ओगराळ्यानं उंचावरून धार सोडत होते, शिवायचं नाही म्हणून. प्रत्येकाला सांगत होते, "साठ टंच हाय. नावं ठिवायची असली तर उद्या सकाळी ठिवा."

पाटीलकाकूंनी जिन्यातच बोट बुडवून चाखली. "अण्णा, कांदा नसताना एवढी चव?"

"म्हंजे इतकी वरसं तुमी कांदाच खात हुता. आमटी आज खाल्ली."

ताट घ्यायला नको म्हणणारे अण्णा असे सगळ्या इमारतीला वाढते झाले. त्यांच्या वागण्यात त्या दिवसापासून फरक पडला. चूक झाली की ते आता लपवायचे नाहीत, ग्रुपवर टाकायचे. करपलेला भात, कच्चा दोडका. भाकरीनं मात्र त्यांना फार छळलं. मंगल फोनवरून ओरडायची, "अण्णा, पीठ मळलंय का नुसतं भिजवलंय?" पलीकडून आवाज यायचा, "मळून मळून मनगट ग्येलं माझं, ही काय फुगंना!" अण्णांच्या भाकरीला कधी कोकणाचा आकार यायचा, कधी अख्ख्या भारताचा. एकदाची फुगली त्या दिवशी ते ती सांडशीत धरून गॅलरीत आले आणि समोरच्या इमारतीलाही दाखवली. बंदोबस्ताला उभा असलेला पोलीसही वर बघून हसला.

एका दुपारी भाजीची पिशवी द्यायला गेलो तर अण्णा दोडक्याच्या शिरा काढत बसले होते. शिरांची चटणी त्यांच्या बायकोची खासियत. हुपरीच्या वहिनीला फोन करून ती कशी करतात ते विचारून घेतलं होतं. दोनदा करून झाली, पण तशी होत नाही म्हणाले. मी म्हटलं, तीळ जास्त भाजायचे असतील. ते शिरांकडे बघत म्हणाले, "ती करताना मी कधी बघितलंच न्हाय हो. उभा जन्म समोर बसून जेवलो, पर ताटाकडं बघायचो. जरा मान वर केली असती तर आज कुणाला इचारायला लागलं नसतं." पिशवी ठेवून मी खाली आलो.

महावीर आला तेव्हा पावसाळा तोंडावर होता. गाडी रिकामी आणली होती, वडिलांचं सामान न्यायला. अण्णांनी मला बोलावलं, "खजिनदार, पंच म्हणून बसा." आम्ही लांब लांब खुर्च्यांवर बसलो. अण्णांनी वाढलं: जोंधळ्याची भाकरी, आमटी, शिरांची चटणी, ताक. महावीर पहिल्या घासाला थबकला.

"अण्णा, हे तुम्ही केलंत?"

"न्हाय, सरकारनं पाठवलंय. जेव मुकाट्यानं."

तो जेवला. दुसरी भाकरी मागून घेतली. चटणी मात्र त्यानं बोटावर घेऊन बराच वेळ चाखली आणि म्हणाला, "आईचीच आहे." अण्णा ओट्याकडे तोंड करून उभे होते. ते वळले नाहीत. संध्याकाळी महावीरची गाडी रिकामीच परत गेली.

अण्णांची लढाई इथं संपली असं आम्ही समजलो. पुढचं वर्षभर त्यांनी रुबाबात काढलं. स्वयंपाकाची बाई परत आली तेव्हा तिला धुणं-भांडी दिली आणि ओट्यापाशी फिरकू दिलं नाही.

दुसऱ्या वर्षी लाट पुन्हा आली आणि या वेळी पुण्याच्या त्या घरात शिरली. सून दवाखान्यात, ऑक्सिजनवर. महावीर तापानं एका खोलीत बंद. सहा वर्षांची नात बाहेरच्या खोलीत. शेजारचे दाराशी डबा ठेवायचे, पोर उघडून बघायची आणि झाकून ठेवायची. महावीरनं अण्णांना फोनवर निक्षून सांगितलं होतं, येऊ नका. अण्णांनी फोन ठेवला आणि खाली माझ्याकडे आले. "पास काढून द्या."

मी समजावलं. मंगलनं समजावलं. पाटीलकाकू तर रडकुंडीला आल्या. "अण्णा, वय काय तुमचं? लस झाली म्हणून काय झालं? तिथं जाऊन आणखी एक आजारी माणूस वाढवणार?"

"पाटीलबाई, वय बसून खायला आड येतंय. करून घालायला न्हाय."

पास मिळाला. गाडी दुपारी आली. अण्णांच्या हातात कपड्यांची एकच लहान बॅग होती. बाकी सगळं स्वयंपाकाचं: तवा, काटवट, वाटणाचा डबा, पिठाचा डबा. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, पुण्यात तवं मिळत न्हाईत व्हय?" अण्णांनी तवा मांडीवर घेतला आणि खिडकीतून मला म्हणाले, "खजिनदार, मी पावणा म्हणून न्हाय चाललो. एवढं ध्यानात ठिवा."

वर्षभरापूर्वी हा माणूस इथून हलायचं नाही म्हणून स्वयंपाक शिकला होता. स्वयंपाक आला, म्हणूनच तो निघाला. गाडी वळेपर्यंत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

सून दीड-दोन महिन्यांनी घरी आली. तिला भिंत धरल्याशिवाय चालता येत नव्हतं. महावीरनं विचारलं, अण्णा, आता तुम्हाला कोल्हापूरला सोडू का? हे मला अण्णांनीच फोनवर सांगितलं. "म्या म्हटलं, सोड की. सोमवारी निघतो." पुढच्या आठवड्यात मी फोन केला, तर पुन्हा सोमवारी निघत होते. सुनेला अजून कुकर उचलवत नव्हता. मग सुनेला उचलवायला लागला, तर नातीची शाळा सुरू झाली. "तिचा डबा असतोय हो. माझ्या हातचाच लागतोय. येत्या सोमवारी बघू." असे कितीतरी सोमवार गेले. त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे होती. मंगल अधूनमधून जाऊन खिडक्या उघडून यायची.

शेवटी एके दिवशी त्यांचाच फोन आला. "खजिनदार, आमचं घर भाड्यानं द्या. सोमवार काय यायचं लक्षण दिसंना."

मी भाडेकरूबद्दल विचारलं. कसलेही चालतील म्हणाले. मग मी विचारलं, "अण्णा, करमतं का पुण्यात?"

"करमतंय का न्हाय, बघायला सवड कुठं हाय?" ते हसले. मागे भांडी वाजत होती. "येती हो आठवण कोल्हापूरची. दुपारची येती, सगळ्यास्नी वाढून झालं की. घटकाभर बसतो. मग पोरगी शाळेतनं येती आनि दारातनंच इचारती, आज काय केलंय?"